ते, मग तो किंवा ती : ॲक्सोलॉटलचा रंग आणि लिंग ओळखताना

ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिकोतला, आयुष्यभर पाण्यातच राहणारा सॅलमँडर, म्हणजे शेपटीचा उभयचर प्राणी. आमच्या तळघरातील तीन ॲक्सोलॉटलांची नावे शेवाळ, लोणी आणि केशर अशी आहेत. नावे मुलीने ठेवली, आणि ती ठेवताना तिने व्याकरणाचा विचार केला नसला तरी हे तिन्ही शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत. या प्राण्याच्या बाबतीत ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. इंग्रजीत बोलताना लोक घरी आणलेल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी ‘तो’ किंवा ‘ती’ ठरवून टाकतात. मराठीत मात्र ते पिल्लू असते, ते खाते, ते झोपते, आणि वर्ष-दीड वर्ष असेच बोलत राहिले तरी कानाला खटकत नाही. ॲक्सोलॉटलचे लिंग कळायला तेवढा काळ लागतोच. मी स्वतः एकदा तेवढे थांबले नाही, आणि त्याचे काय झाले ते पुढे सांगितलेच आहे.

आम्ही ओहायोतील कोलंबसजवळ राहतो. शेवाळ आणि लोणी ही दोन पिल्ले सप्टेंबर २०२२ मध्ये दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आणली, तेव्हा ती जेमतेम आठ सेंटिमीटरची होती. पहिल्याने ठामपणे सांगितले की, गडद रंगाचे पिल्लू ‘मेलनॉइड मादी’ आहे. दुसऱ्याने लोण्याच्या रंगाचे पिल्लू ‘ल्यूसिस्टिक, बहुधा मादी’ असल्याचे सांगितले. (मेलनॉइड आणि ल्यूसिस्टिक ही रंगप्रकारांची नावे आहेत; त्यांचा अर्थ पुढे येईल.) त्याचा ‘बहुधा’ हा शब्द मला त्या वेळी कमी विश्वासार्ह वाटला; आता तोच या दोघांतला अधिक प्रामाणिक माणूस होता असे वाटते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिसरे पिल्लू आणले, ते ‘पांढरे अल्बिनो’ म्हणून. या तीन वर्णनांपैकी रंगाची दोन चुकीची निघाली, आणि लिंगाबद्दलचे एकही विधान त्या वयात कोणी खात्रीने करू शकले नसते.

रंगापासून सुरुवात करते, कारण तो आधी कळतो आणि नीट पाहिले तर बहुतेक वेळा बरोबर कळतो. ॲक्सोलॉटलच्या त्वचेत तीन प्रकारच्या रंगद्रव्यपेशी असतात. एकीत काळे-तपकिरी मेलॅनिन असते, दुसरीत पिवळी द्रव्ये असतात, आणि तिसरीत रंग नसून प्रकाश परावर्तित करणारे चमकदार कण असतात. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथील गढूळ कालव्यांत जो मूळ ॲक्सोलॉटल आढळतो, त्याच्यात या तिन्ही पेशी आपापल्या जागी असल्यामुळे त्याचा रंग शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो : तपकिरी-हिरवट, त्यावर गडद ठिपके आणि मधूनमधून सोनेरी कण. पाळीव प्राण्यांतले इतर सर्व रंग म्हणजे या तिघींपैकी एखादी पेशी नसणे, कमी असणे, जास्त असणे, आपले रंगद्रव्य नीट न बनवणे किंवा आपल्या जागी न पोहोचणे. हे एकदा लक्षात आले की विक्रेत्यांनी दिलेली नावे पाठ करण्याची गरज उरत नाही. कोणती पेशी गैरहजर आहे, एवढेच शोधायचे असते.

आणि ते शोधण्याची सर्वांत भरवशाची जागा अंग नसून डोळा आहे. अंगाचा रंग वयानुसार, अन्नानुसार, टाकीच्या तळाच्या रंगानुसारही थोडाफार बदलतो, तर डोळा त्या मानाने स्थिर राहतो. डोळ्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, बाहुली काळी आहे की लालसर-गुलाबी. दुसरी, बाहुलीभोवती चमकदार, सोनेरी किंवा चंदेरी कडे आहे की नाही. काळा डोळा म्हणजे मेलॅनिन तयार होते आहे. लालसर डोळा म्हणजे होत नाही. कडे असेल तर चमकदार पेशी आहेत. नसेल तर त्या नाहीत. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात आणि प्रखर उजेड त्याला सोसत नाही, म्हणून विजेरी डोळ्यावर रोखून धरू नये. खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात काचेला टेकून पाहिले तर पुरते.

शेवाळच्या बाबतीत एवढी एक खूण पाहिली असती तरी विक्रेत्याचे वर्णन पहिल्याच दिवशी खोटे ठरले असते. मेलनॉइड प्राण्यात चमकदार पेशी नसतात, पिवळ्या पेशी कमी असतात आणि काळ्या पेशी वाढलेल्या असतात. त्यामुळे त्याचे अंग एकसारखे कोळशासारखे, मखमली दिसते, कल्लेही जांभळट-काळपट असतात, आणि डोळा म्हणजे कड्याविना नुसता काळा ठिपका असतो. शेवाळच्या डोळ्याला मात्र अगदी स्पष्ट सोनेरी कडे होते. ते मूळ रंगाचेच होते, फक्त विक्रेत्याने त्याला काळ्या तळाच्या टाकीत ठेवले होते. गडद तळावर या प्राण्याच्या काळ्या पेशींतील रंगद्रव्य पसरते आणि अंग अधिक काळे दिसते. आमच्याकडे फिक्या स्लेटच्या फरशीवर आल्यावर काही आठवड्यांत ते तपकिरी-हिरवे झाले, आणि म्हणूनच मुलीने त्याचे नाव शेवाळ ठेवले. मूळ रंगाला बाजारात किंमत कमी आणि मेलनॉइडला थोडी जास्त, हे या चुकीमागचे कारण असावे असे मला वाटते. पण मला तरी मूळ रंगाइतका देखणा दुसरा रंग ठाऊक नाही. ओल्या कातळावर ऊन पडावे तशी त्याची पाठ दिसते.

ल्यूसिस्टिक आणि पांढरे अल्बिनो यांत लोक सर्वांत जास्त गोंधळतात, आणि त्या दोन्ही रंगांचा इतिहास इतका वेगळा आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मेक्सिकोहून फ्रेंच मोहिमेने पाठवलेले ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले, आणि १८६४ साली त्यांतील सहा जण निसर्गेतिहास संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे आले. त्या सहांत मादी एकच होती, आणि नरांपैकी एक पांढरा होता. त्यांचा वंश युरोपभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत पसरला, आणि त्याबरोबर तो पांढरा रंगही. हा ल्यूसिस्टिक रंग होय. यात पेशी मेलॅनिन तयार करू शकतात, परंतु गर्भावस्थेत पाठीच्या मध्यरेषेकडून निघून अंगभर पसरण्याचा त्यांचा प्रवास मधेच थांबतो. म्हणूनच अंग पांढरे-गुलाबी राहते आणि डोळे मात्र काळे असतात. डोक्यावर आणि पाठीवर थोडे काळे ठिपकेही येऊ शकतात, आणि ते वयाबरोबर वाढलेले दिसले तर घाबरण्याचे कारण नसते. आमच्या लोणीच्या डोक्यावर दुसऱ्या वर्षी तीट लावल्यासारखे चार-पाच ठिपके उमटले.

अल्बिनो ॲक्सोलॉटल मात्र पॅरिसमधून आलेला नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातील रुफस हम्फ्री यांनी १९६०च्या दशकात एका अल्बिनो टायगर सॅलमँडरशी (ही ॲक्सोलॉटलच्या जवळची दुसरी जात) ॲक्सोलॉटलचा कृत्रिम संकर करून तो दोष या जातीत आणला, आणि पुढच्या पिढ्यांतून अल्बिनो ॲक्सोलॉटल मिळवले. आज कोणाच्याही घरात असलेल्या सोनेरी किंवा पांढऱ्या अल्बिनोच्या अंगात एका परक्या जातीचा हा धागा आहे. जनुकीय अभ्यासातूनही तो दिसून आला आहे. अल्बिनोत मेलॅनिन तयारच होत नाही, म्हणून डोळे लालसर किंवा गुलाबी असतात. पिवळ्या आणि चमकदार पेशी शाबूत असतील तर अंग सोनेरी होते. ल्यूसिस्टिकचा दोष आणि अल्बिनोचा दोष एकाच प्राण्यात एकत्र आले तर पांढरे अल्बिनो मिळते : पांढरे अंग, गुलाबी डोळे.

केशरची गोष्ट इथेच येते. सोनेरी अल्बिनोची लहान पिल्ले सोनेरी नसतात. पिवळे रंगद्रव्य अंगात साठत जाते तसा तो रंग चढतो. सात-आठ सेंटिमीटरच्या पिल्लात फिकट सोनेरी आणि पांढरे हा भेद करणे जाणकारालाही कठीण जाते, त्यामुळे ज्याने मला हे पिल्लू विकले त्याच्यावर माझा राग नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात डोक्यावर पिवळसर झाक आली, मग ती पाठीवर उतरली, आणि वर्षाच्या शेवटी दुधात केशर विरघळावे तसे अंग होऊन वर चमकणारे कणही दिसू लागले. नाव मुलीने तेव्हा बदलले. आधी तिने त्याला ‘दही’ म्हटले होते, तेही नपुंसकलिंगीच.

बाकीचे रंग मी थोडक्यात उरकते. तांबूस, म्हणजे कॉपर प्रकारात मेलॅनिन काळे न होता तपकिरीवरच थांबते. अंग फिकट तपकिरी असते आणि डोळा पहिल्यांदा राखाडी-काळा वाटला तरी उजेडात माणकासारखी लालसर झाक देतो. ॲक्झँथिक प्रकारात पिवळ्या आणि चमकदार अशा दोन्ही पेशी नसतात. तो राखाडी दिसतो आणि मेलनॉइडपासून वेगळा ओळखणे नुसत्या डोळ्यांनी अवघडच आहे. निळ्या प्रकाशात हिरवे चमकणारे ॲक्सोलॉटल अमेरिकेत सर्रास मिळतात, पण तो रंगाचा प्रकारच नव्हे : ते जेलीफिशपासून घेतलेले, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक आहे आणि कोणत्याही रंगाच्या प्राण्यात ते असू शकते. संशोधनासाठी तयार केलेले हे प्राणी जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ साली जगासमोर मांडले होते.

निळा ॲक्सोलॉटल मात्र नसतोच. तो माइनक्राफ्ट या खेळात २०२१ पासून आहे, आणि माझ्या मुलीला या प्राण्याची ओळखही तिथूनच झाली, म्हणून त्या खेळाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण पुण्यातील माझ्या भाच्याला तेथील एका दुकानाने ‘दुर्मिळ निळे’ म्हणून पिल्लू दाखवले, तेव्हा त्याने मला छायाचित्र पाठवून विचारले, “मावशी, घेऊ का?” टाकीवर निळे-जांभळे दिवे होते. मी त्याला दुकानदाराकडून साध्या पांढऱ्या उजेडात, पांढऱ्या भांड्यात ठेवून काढलेले छायाचित्र मागायला सांगितले, आणि त्यात नेहमीचे ल्यूसिस्टिक निघाले. त्याने ते घेतले नाही, आणि ते बरेच झाले. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी लागते आणि २४ अंशांपुढे तो आजारी पडू लागतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये शीतयंत्र दिवसरात्र चालवल्याशिवाय ते शक्य नाही. शिवाय ॲक्सोलॉटल १९७५ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि भारतात अशा प्राण्यांची नोंदणी करणे आता कायद्याने आवश्यक आहे. हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

आता लिंगाकडे वळते. डोके रुंद असेल तर मादी, अंग सडपातळ असेल तर नर, कल्ले झुपकेदार असतील तर अमुक, असे बरेच ऐकायला मिळते. कल्ल्यांचा लिंगाशी काहीही संबंध नाही. ते पाण्यातील प्राणवायू, तापमान आणि स्वच्छता यांवर अवलंबून असतात. डोके आणि अंग यांचा थोडाफार संबंध आहे, कारण पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटात अंडी भरली की ती वरून पाहताना दोन्ही बाजूंना फुगलेली दिसते. पण भरपूर गांडुळे खाल्लेला नरही तसाच दिसतो.

खरी खूण एकच, आणि ती म्हणजे अवस्कर. मल, मूत्र आणि प्रजननद्रव्ये ज्या एकाच मार्गाने बाहेर पडतात तो हा भाग मागच्या पायांच्या लगेच मागे, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस असतो. वयात आलेल्या नरात तिथल्या ग्रंथी फुगून चिरेच्या दोन्ही बाजूंना ठळक उंचवटे तयार होतात, आणि ते बाजूने तर दिसतातच, पण पुष्कळदा वरून पाहतानाही पायांमागे दोन गोलाई डोकावतात. मादीत तो भाग सपाट असतो किंवा त्याला अगदी लहानसा फुगवटा असतो. पाहण्यासाठी प्राण्याला पाण्याबाहेर काढू नये. मी पारदर्शक डब्यात टाकीचेच पाणी घेते, त्यात प्राण्याला हळूच शिरू देते, डबा उंच धरून खालून एक आणि बाजूने एक छायाचित्र घेते आणि लगेच परत सोडते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असे केले की बदल छायाचित्रांच्या क्रमात दिसतो. एका छायाचित्रात तो कळत नाही.

ही खूण प्राणी वयात आल्याशिवाय दिसत नाही. त्याला सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कितीही वेळ लागू शकतो, आणि साधारण १८ सेंटिमीटरपेक्षा लहान प्राण्याबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. फिकट रंगाच्या प्राण्यांत पायांच्या बोटांची टोके गडद होणे ही वयात आल्याची एक जोडखूण आहे, पण ती नर-मादी दोघांतही दिसते. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, जी मला समजली नव्हती : उंचवटा दिसला तर नर असल्याचा तो पुरावा आहे, परंतु उंचवटा न दिसणे हा मादी असल्याचा पुरावा नाही. नर सिद्ध करता येतो. मादी मात्र पुरेसा काळ गेल्यावर, नर नाही म्हणून, मादी ठरते, किंवा मग अंडी घालून स्वतःच सांगते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शेवाळ आणि लोणी सव्वा वर्षाची झाली. तोवरच्या एकाही छायाचित्रात कोणाच्याही शेपटीच्या मुळाशी उंचवटा नव्हता. शेवाळचे डोके तर चांगले रुंद होते. मी वहीत ‘दोन्ही माद्या’ असे लिहिले आणि मासिक छायाचित्रे थांबवली. ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी स्लेटच्या फरशीवर आठ-दहा लहान, पारदर्शक, जेलीचे सुळके दिसले, प्रत्येकाच्या टोकावर पांढरा ठिपका. अन्नाच्या उरलेल्या तुकड्यांवर बुरशी आली असे समजून मी ते पिपेटने काढून टाकत बसले. ते शुक्राणूंचे पुंजके होते. नर ते तळाला चिकटवतो आणि मादी त्यांच्यावरून जाताना अवस्कराने उचलून घेते, त्यामुळे बीजधारणेच्या वेळी नर आणि मादी यांची गाठ पडावीच लागते असे नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लॅस्टिकच्या वनस्पतींवर, गाळणयंत्राच्या नळीवर, काचेच्या कोपऱ्यांत चिकटलेली जवळपास चारशे अंडी होती. शेवाळला डब्यात घेऊन पाहिले तर उंचवटा इतका ठळक होता की, महिनाभरापूर्वी पाहिले असते तरी तो चुकला नसता.

त्या रात्री दोघांना वेगवेगळ्या टाक्यांत ठेवले. हे आधीच करायला हवे होते, आणि ते केले नाही याची मला अजूनही खंत वाटते. दीड वर्षाच्या आतील मादीने शेकडो अंडी घालणे तिच्या शरीराला जड जाते, आणि नर सोबत असला तर तो तिला विसावा देत नाही. लोणीला पुन्हा मूळ वजनावर यायला हिवाळा सरला. लिंग नक्की कळेपर्यंत साधारण सहाव्या महिन्यापासून प्रत्येक प्राणी स्वतंत्र ठेवावा, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एक टाकी जास्त लागते, पण प्रश्न उरत नाही.

बहुतेक अंडी वाढ सुरू होण्याआधीच गोठवली, कारण इतक्या पिल्लांना घरे मिळणे अशक्य होते. बारा अंडी ठेवली. अंडी गडद रंगाची होती, आणि पांढऱ्या आईची अंडी काळी कशी, हा मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता. लोणी ल्यूसिस्टिक आहे. तिच्या शरीरात मेलॅनिन तयार होते, म्हणून तिच्या अंड्यांत ते उतरते. अल्बिनो मादीची अंडी पांढरी असतात. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी अकरा पिल्ले बाहेर आली : सहा गडद आणि पाच पांढऱ्या अंगाची, काळ्या डोळ्यांची. ल्यूसिस्टिक रंगाचे जनुक अप्रभावी असते, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून मिळाले तरच पांढरा रंग प्रकट होतो. शेवाळ वरून पूर्ण मूळ रंगाचा असूनही त्याच्यात ते जनुक लपलेले आहे, हे त्या पाच पिल्लांनी सांगितले. डोळ्याने रंग ओळखता येतो, पण आत काय दडले आहे ते संततीतूनच कळते. उद्या ल्यूसिस्टिक आणि सोनेरी अल्बिनो यांची पिल्ले झाली, आणि दोघांतही दुसऱ्याचे जनुक लपलेले नसेल, तर सगळीच्या सगळी गडद मूळ रंगाची निघतील, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो त्यांच्या आईवडिलांबद्दल शंका घेईल.

त्या पिल्लांचे लिंग लोणीने ठरवले, शेवाळने नाही. माणसात मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. ॲक्सोलॉटलमध्ये पक्ष्यांप्रमाणे मादीतच दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात. हेही हम्फ्री यांनीच १९४५ साली, भ्रूणावस्थेत लिंग पालटलेल्या प्राण्यांच्या संततीचा अभ्यास करून दाखवले होते. मादीच्या गुणसूत्रावरील तो वेगळा तुकडा २०१८ साली सापडला, आणि तो डीएनएच्या तीन लाख अक्षरांच्या आसपास भरला. ज्या प्राण्याचा जनुकसंच ३२ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या दहापट आहे, त्यात एवढा लहान भाग शोधणे म्हणजे गंजीत सुई शोधणेच होते. प्रयोगशाळा आता शेपटीच्या टोकाच्या कणभर ऊतीवरून पिल्लाचे लिंग सांगू शकतात. घरी पाळणाऱ्याला त्याची गरज नाही, थांबण्याची तयारी असेल तर.

अकरा पिल्लांपैकी सात एका शाळेच्या जीवशास्त्राच्या वर्गात गेली आणि चार ओळखीच्या घरी. देताना प्रत्येकाला मी रंग लिहून दिला. लिंगाच्या रकान्यात ‘अज्ञात, दीड वर्षापर्यंत वेगळे ठेवावे’ असे लिहिले.

केशर आता सोळा महिन्यांचे आहे. लांबी २१ सेंटिमीटर, बोटांची टोके तपकिरी, शेपटीच्या मुळाशी उंचवटा नाही. ते तिसऱ्या टाकीत एकटे राहते, आणि पुढचे छायाचित्र येत्या रविवारी.